छाननीचा दिवस

सभा, रोड शो, भोंगे, बॅनर हे सगळं लोकांना दिसतं. पण निवडणुकीतला पहिला निकाल लागतो तो एका टेबलावर, आणि तिथे फार कमी जण बघत असतात. नागपुरात हे टेबल सिव्हिल लाइन्समधल्या कलेक्टर ऑफिसात असतं. अर्ज भरायच्या दिवसांत दालनापासून शंभर मीटरवर बॅरिकेड लागतात. आत तीन गाड्या जाऊ देतात, आणि उमेदवाराबरोबर चार माणसं. मिरवणुकीत दहा हजार लोक असले तरी ते संविधान चौकातच थांबतात.

लोकसभेचा अर्ज म्हणजे नमुना २-अ. मालमत्ता, देणी, गुन्हे आणि शिक्षण यांचं शपथपत्र म्हणजे नमुना २६. अनामत २५,००० रुपये, अनुसूचित जाती-जमातीच्या उमेदवाराला त्याच्या निम्मी. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, म्हणजे नाव सुचवून सही करणारा मतदार, पुरतो, अपक्षाला दहा लागतात आणि दहाही जण त्याच मतदारसंघाच्या यादीतले असावे लागतात. खर्चासाठी वेगळं बँक खातं अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी उघडलेलं हवं. उमेदवार दुसऱ्या मतदारसंघातला मतदार असेल तर तिथल्या यादीचा प्रमाणित उतारा जोडायचा. पक्षाचा ए-बी फॉर्म, म्हणजे हाच आमचा अधिकृत उमेदवार असं लिहून दिलेला कागद, शेवटच्या दिवशी दुपारी तीनच्या आत पोचला पाहिजे. तीन वाजून पाच मिनिटांनी आलेल्या एबी फॉर्मला किंमत नाही, मग त्यावर सही कोणाचीही असो.

अनुभवी कार्यकर्ते एका उमेदवाराचे चार संच भरतात, कारण कायद्याने चारच चालतात. प्रत्येक संचावर सूचक वेगळा ठेवतात, म्हणजे एकात खोट निघाली तर दुसरा उभा राहतो. शिवाय डमी असतोच. पक्ष बी फॉर्मवर मुख्य उमेदवारासोबत पर्यायी उमेदवाराचं नाव देतो. मुख्य अर्ज मंजूर झाला की एकाच सूचकावर उभा असलेला डमीचा अर्ज आपोआप बाद होतो, आणि मुख्य बाद झाला की डमी पुढे येतो. डमीचा फॉर्म ही बऱ्याच घरांत निव्वळ औपचारिकता समजली जाते. नागपूर जिल्ह्याला २०२४ मध्ये तिची खरी किंमत कळली. ते पुढे येईलच.

दुसऱ्या दिवशी छाननी. अर्ज एकेक करून उघडतात, हरकती ऐकतात, आणि निवडणूक निर्णय अधिकारी प्रत्येकावर ‘मंजूर’ किंवा ‘नामंजूर’ लिहून सही करतो. हा अधिकारी कोण? सरकारी नोकर. नागपूर मतदारसंघात खुद्द जिल्हाधिकारी. निवडणुकीच्या काळात तो आयोगाच्या हाताखाली असतो हे खरं, पण त्याची बदली आणि पदोन्नती शेवटी सरकारच्याच हातात. त्यामुळे पानठेल्यावर कोणी विचारलं की “इराणात सरकार उमेदवार पास-नापास करते म्हणून आपण नाक मुरडतो, मग आपल्याइथं काय वेगळं होते?”, तर तो प्रश्न झटकून टाकण्यासारखा नाही. सरकारने तपासून दिलेल्या उमेदवारांमधून झालेली निवडणूक मुक्त आणि न्याय्य म्हणायची का, याचं उत्तर ‘तपासणी आहे की नाही’ यावरून देता येत नाही. तपासणी सगळीकडे आहे. उत्तर छाननीच्या टेबलावर काय विचारलं जातं, यात आहे.

आधी इराण. तिथे राष्ट्राध्यक्षपदासाठी अर्ज करणं सोपं आहे. लोक गृहमंत्रालयात रांगेने येतात, कागद देतात, कॅमेऱ्यांसमोर हात उंचावतात. मग सगळी नावं गार्डियन कौन्सिलकडे जातात. कौन्सिलचे सदस्य १२. त्यातले सहा धर्मशास्त्री सर्वोच्च नेता नेमतो. उरलेले सहा कायदेपंडित न्यायव्यवस्थेचा प्रमुख सुचवतो आणि संसद त्यांतून निवडते. पण न्यायव्यवस्थेच्या प्रमुखालाही सर्वोच्च नेताच नेमतो. राज्यघटनेच्या कलम ९९ ने या कौन्सिलला निवडणुकांवर देखरेखीचं काम दिलं. १९९१ मध्ये कौन्सिलने स्वतःच त्याचा अर्थ लावला की देखरेख म्हणजे मंजुरी देण्याचा अधिकारही आला. न्यायाधीशाने स्वतःचाच अधिकार वाढवून घ्यावा, तसं हे.

पात्रता कलम ११५ मध्ये लिहिली आहे. उमेदवार धार्मिक आणि राजकीय क्षेत्रातला मातब्बर असावा, इराणी वंशाचा असावा, व्यवस्थापक आणि धोरणी असावा, पूर्वेतिहास चांगला असावा, विश्वासू आणि धर्मनिष्ठ असावा, इस्लामी प्रजासत्ताकाच्या मूलतत्त्वांवर श्रद्धा असलेला असावा. यातली वंशाची अट कागदावर तपासता येते. धर्मनिष्ठा, विश्वासूपणा आणि धोरणीपणा यांचा दाखला कुठल्या तहसीलमधून आणायचा? २०१३ मध्ये ६८६ जणांनी नाव नोंदवलं, आठ जण पास झाले. २०१७ मध्ये १,६३६ पैकी सहा, २०२१ मध्ये ५९२ पैकी सात, २०२४ मध्ये ८० पैकी सहा. आजवर एकाही स्त्रीचा अर्ज राष्ट्राध्यक्षपदासाठी मंजूर झालेला नाही.

या आकड्यांवर एक आक्षेप येतो आणि तो रास्त आहे. ५९२ मधले बरेचसे हौशे-नवशे असतात. आपल्याकडे असल्या गर्दीचं काय होतं ते पुढे पाहू. म्हणून आकडे सोडा, बाद झालेली नावं बघा. २०१३ मध्ये अकबर हाशेमी रफसंजानी बाद झाले. हे गृहस्थ क्रांतीच्या पहिल्या फळीतले आणि आठ वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेले. दोनदा निवडून आलेले महमूद अहमदीनेजाद २०१७, २०२१ आणि २०२४ अशा तिन्ही वेळा बाद झाले. बारा वर्षं संसदेचे सभापती असलेले अली लारिजानी २०२१ मध्ये बाद झाले आणि कारणं जाहीर करा म्हणून कौन्सिलकडे मागत राहिले. माजी राष्ट्राध्यक्ष हसन रुहानी दोन दशकांहून अधिक काळ सर्वोच्च नेत्याला निवडणाऱ्या तज्ज्ञसभेचे सदस्य होते, तरी २०२४ मध्ये त्याच सभेच्या निवडणुकीला उभं राहायला त्यांना अपात्र ठरवलं. ज्या माणसाने देश चालवला तो देश चालवायला धोरणी नाही, असा निकाल द्यायचा तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं जात नाही.

सगळ्यात बोलकं उदाहरण मसूद पेझेश्कियान यांचं. हृदयशल्यविशारद, माजी आरोग्यमंत्री, तबरीजचे खासदार. २०२१ मध्ये राष्ट्राध्यक्षपदासाठी अपात्र ठरले. २०२४ मध्ये तोच माणूस, त्याच पात्रतेवर पास झाला आणि निवडून येऊन राष्ट्राध्यक्ष झाला. मधल्या तीन वर्षांत त्यांची धर्मनिष्ठा वाढली का? परिस्थिती बदलली होती. २०२१ मध्ये मतदान ४८.८ टक्क्यांवर घसरलं होतं, आणि जवळपास ३७ लाख मतपत्रिका कोऱ्या किंवा बाद निघाल्या. दुसऱ्या क्रमांकाच्या उमेदवाराला ३४ लाखांच्या आसपास मतं होती, म्हणजे कोऱ्या चिठ्ठ्यांनी त्याला हरवलं. अशा वेळी रिंगणात एक वेगळा चेहरा असणं व्यवस्थेच्याच सोयीचं होतं. तरीही २०२४ च्या पहिल्या फेरीत मतदान ४० टक्क्यांच्या आत राहिलं.

आता दुसरी बाजूही मांडली पाहिजे, नाहीतर लेख एकतर्फी होईल. १९९७ मध्ये २३८ अर्जांतून चार जण उरले होते. व्यवस्थेचा लाडका उमेदवार संसदेचा सभापती नातेक-नूरी होता. लोकांनी मोहम्मद खातमींना जवळपास ७० टक्के मतं दिली. तो निकाल कोणी आधी ठरवला नव्हता. छाटलेल्या यादीतूनही लोक वाट काढतात आणि सत्ताधाऱ्यांना अडचणीत आणतात. पण पुढे काय झालं तेही बघा. २००४ च्या संसदीय निवडणुकीत कौन्सिलने दोन हजारांहून जास्त अर्ज बाद केले. त्यात ८० हून अधिक विद्यमान खासदार होते. त्यांनी संसदेत ठिय्या दिला, पण निर्णय हलला नाही. म्हणजे यादीतून अनपेक्षित माणूस निवडून आला की पुढच्या वेळी यादीच आणखी बारीक चाळली जाते. मतमोजणीत एकही मत इकडचं तिकडे केलं नाही तरी अशा निवडणुकीला मुक्त म्हणवत नाही.

यात एक वर्तुळही आहे. सर्वोच्च नेत्याला निवडण्याचा आणि काढण्याचा अधिकार ८८ जणांच्या तज्ज्ञसभेला. तज्ज्ञसभेवर लोक मतदान करून सदस्य पाठवतात. त्या उमेदवारांना तपासतं गार्डियन कौन्सिल. आणि कौन्सिलला नेमतो सर्वोच्च नेता.

हाँगकाँगचा नमुना वेगळा, आणि मला विचाराल तर अभ्यासायला जास्त उपयोगी. तिथे मतमोजणी चोख असते, यंत्रणा वक्तशीर असते, मतदारयादी नीटनेटकी असते. मार्च २०२१ मध्ये बीजिंगने ‘देशभक्तांनीच राज्य करावं’ म्हणत निवडणूक पद्धत बदलली. विधिमंडळाच्या जागा ७० वरून ९० केल्या, पण लोकांनी थेट निवडायच्या भौगोलिक मतदारसंघांच्या जागा ३५ वरून २० वर आणल्या. उमेदवाराला ठरावीक प्रतिनिधींच्या निवडणूक समितीच्या पाचही गटांतून प्रत्येकी किमान दोन जणांचं अनुमोदन आणायची अट घातली. त्यावर उमेदवार पात्रता समिती बसवली. ती राष्ट्रीय सुरक्षा पोलिसांच्या तपासणीवरून मिळालेला अभिप्राय बघून निर्णय देते, आणि त्या अभिप्रायावर आधारलेल्या निर्णयाविरुद्ध कोर्टात जाता येत नाही.

त्या वर्षी १५४ अर्ज आले. १५३ मंजूर, बाद फक्त एक.

इराणच्या आकड्यांशेजारी हा आकडा ठेवला तर हाँगकाँग स्वर्गच वाटेल. म्हणून कुठल्याही देशात बाद अर्जांची टक्केवारी दाखवून कोणी फुशारकी मारली की सावध व्हावं. ज्यांचे अर्ज बाद व्हायचे ते अर्ज भरायलाच आले नव्हते. जुलै २०२० मध्ये लोकशाहीवादी गटांनी उमेदवार ठरवण्यासाठी घेतलेल्या प्राथमिक मतदानात सहा लाखांहून अधिक लोकांनी मत दिलं होतं. त्याच मतदानासंदर्भात जानेवारी २०२१ मध्ये धरपकड झाली आणि ४७ जणांवर राष्ट्रीय सुरक्षा कायद्याखाली खटला भरला गेला. खरी छाननी तिथे झाली. लोकांनीही हिशोब समजून घेतला: २०१६ मध्ये ५८ टक्के मतदान झालं होतं, डिसेंबर २०२१ मध्ये ३०. जिल्हा परिषदांना २०१९ मध्ये ७१ टक्के मतदान झालं होतं. २०२३ मध्ये थेट निवडीच्या जागा ४५२ वरून ८८ केल्यावर ते २७.५ टक्क्यांवर आलं.

रशियात हेच काम सह्यांच्या गठ्ठ्यांवर होतं. संसदेत प्रतिनिधित्व नसलेल्या पक्षाच्या उमेदवाराला एक लाख मतदारांच्या सह्या द्याव्या लागतात, अपक्षाला तीन लाख. तपासलेल्या सह्यांत पाच टक्क्यांपेक्षा जास्त सदोष निघाल्या की अर्ज बाद. २०२४ मध्ये युक्रेन युद्धाला विरोध करणाऱ्या बोरिस नदेझदिन यांच्यासाठी लोकांनी बर्फात रांगा लावून सह्या दिल्या. आयोगाने ६० हजार सह्या तपासल्या, ९ हजारांहून जास्त सदोष ठरवल्या आणि अर्ज फेटाळला. इथे अट कागदोपत्री आणि आकड्यातली आहे, निकष आधी वाचता येतो. पण सही सदोष कशामुळे हे ठरवणारा तोच, आणि तो कोणी नेमलेला हेही सगळ्यांना माहीत. लिहिलेला निकष पुरेसा नसतो, हे रशियाकडून शिकावं. क्युबात तर प्रश्नच मिटवला आहे. मार्च २०२३ मध्ये ४७० जागांसाठी ४७० उमेदवार होते.

आता आपल्याकडे येऊ. छाननी हवीच कशाला, ज्याला उभं राहायचं त्याला राहू द्या, असं म्हणणाऱ्यांनी १९९६ आठवावं. त्या वर्षी लोकसभेला बेळगावात ४५६ उमेदवार होते. सीमाप्रश्नाकडे देशाचं लक्ष जावं म्हणून महाराष्ट्र एकीकरण समितीने मराठी माणसांना शेकड्याने अर्ज भरायला लावले होते. तमिळनाडूतल्या मोडकुरिची विधानसभेला तर १,०३३ उमेदवार झाले आणि मतपत्रिकेची पुस्तिका छापावी लागली. राजकीय हत्यार म्हणून बेळगावचा प्रयोग झकास होता, यात वाद नाही. पण त्यानंतर लोकसभेची अनामत ५०० वरून १०,००० झाली, अपक्षाला दहा सूचक आले, आणि २०१० पासून अनामत २५,००० आहे. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशही मतं पडली नाहीत तर ती जप्त. मतदान यंत्राच्या एका बॅलेट युनिटवर ‘नोटा’ (वरीलपैकी कोणीही नाही) धरून १६ बटणं मावतात, त्यामुळे १५ च्या वर उमेदवार गेले की दुसरं युनिट जोडावं लागतं. गर्दी आवरायला काहीतरी गाळणी लागते. गाळणी पैशाची आणि सह्यांची असेल तर ती सगळ्यांना सारखी लागते, असं म्हणायचं. खेड्यातल्या शेतमजुराला २५,००० रुपये सारखे कसे, हा प्रश्न त्यातही उरतोच.

संयुक्त राष्ट्रांच्या मानवाधिकार समितीने १९९६ मध्ये नागरी व राजकीय हक्कांच्या करारातल्या कलम २५ चा अर्थ लावताना म्हटलं की उमेदवारीवरच्या अटी वस्तुनिष्ठ आणि वाजवी असाव्यात, आणि राजकीय मत हे कोणाला निवडणुकीपासून दूर ठेवण्याचं कारण होऊ शकत नाही. आपण यात पूर्ण बसतो का? १९६३ च्या सोळाव्या घटनादुरुस्तीने उमेदवाराने अर्ज भरतानाच भारताच्या सार्वभौमतेची आणि अखंडतेची शपथ घ्यावी, अशी अट आणली. त्या वेळी द्रविड चळवळीत वेगळ्या राष्ट्राची मागणी होती, रोख तिकडे होता. म्हणजे निष्ठेची चाचणी आपल्याकडेही आहे. फरक इतका की छाननीच्या दिवसाआधी शपथ घेतली की काम झालं. ती मनापासून घेतली का, हे तपासायला समिती बसत नाही. हाँगकाँगमध्ये नेमकं तेच तपासलं गेलं. शपथ कशी घेतली यावरून २०१६ मध्ये निवडून आलेल्या सहा सदस्यांची पदं गेली. शपथेचा कागद आणि शपथेमागचं मन यांच्यातली ही रेघ आपण ओलांडलेली नाही. ती ओलांडायची मागणी मात्र अधूनमधून टाळ्या घेते.

रेघेच्या अगदी जवळ गेलेलं एक प्रकरण आहे. २०१९ मध्ये वाराणसीत बडतर्फ बीएसएफ जवान तेजबहादूर यादव यांनी अर्ज भरला. सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याला पाच वर्षांत उभं राहायचं तर बडतर्फी भ्रष्टाचार किंवा देशद्रोहासाठी नव्हती, असं निवडणूक आयोगाचं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते नव्हतं. ३० एप्रिलला नोटीस दिली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी ११ पर्यंत प्रमाणपत्र आणायला सांगितलं. अर्ज बाद झाला, पुढे सर्वोच्च न्यायालयानेही तो निर्णय कायम ठेवला. कायद्याने बरोबर. अट आधीपासून पुस्तकात होती. पण दिल्लीहून असला कागद एका रात्रीत येत नसतो, हे नोटीस काढणाऱ्यालाही ठाऊक असतं.

कायद्याचा रोख खरं तर उमेदवाराच्या बाजूने आहे. लोकप्रतिनिधित्व कायद्याच्या कलम ३६ मध्ये स्पष्ट आहे की भरीव नसलेल्या दोषासाठी अर्ज फेटाळू नये. यादीतला अनुक्रमांक चुकला, नावात वेलांटी इकडची तिकडे झाली, तर दुरुस्ती करून घ्यायची. हरकत आलीच तर उत्तर द्यायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापर्यंत मुदत देता येते. शपथपत्रात रकाना कोरा असेल तर आधी आठवण द्यायची, तरी भरला नाही तर मगच बाद. आणि अर्ज बेकायदा फेटाळला असं नंतर सिद्ध झालं तर पूर्ण निवडणूक रद्द होते. फेटाळल्यामुळे निकाल बदलला का, हे सिद्ध करावं लागत नाही. उलट चुकीने मंजूर झालेल्या अर्जावरून निवडणूक रद्द करायची तर निकालावर परिणाम झाला हे दाखवावं लागतं. कायदा करणाऱ्यांना चुकून बाद करण्याची जास्त भीती वाटत होती, हे यातून दिसतं. म्हणून हुशार निवडणूक निर्णय अधिकारी शंका असेल तिथे अर्ज मंजूर करून मोकळा होतो.

मग बिघडतं कुठे? ‘नंतर’ या शब्दात. घटनेच्या कलम ३२९ आणि १९५२ च्या पोन्नुस्वामी निकालाने एकदा ठरलं की निवडणूक सुरू झाल्यावर कोर्टाने मध्ये पडायचं नाही, अर्ज फेटाळल्याची तक्रारही निकालानंतर निवडणूक याचिकेतच करायची. निकाल लागल्यापासून ४५ दिवसांत उच्च न्यायालयात. हेतू चांगला होता. नाहीतर प्रत्येक बाद उमेदवार स्थगिती आणेल आणि मतदान कधीच होणार नाही. पण किंमत काय पडते, ते रामटेकने दाखवलं.

२०२४ ची पहिल्या टप्प्याची अधिसूचना २० मार्चला निघाली. अर्जांची मुदत २७ ला संपली, छाननी २८ ला. अनुसूचित जातीसाठी राखीव रामटेकमध्ये काँग्रेसच्या उमेदवार होत्या नागपूर जिल्हा परिषदेच्या माजी अध्यक्ष रश्मी बर्वे. छाननीच्याच दिवशी जात पडताळणी समितीने त्यांचं जात वैधता प्रमाणपत्र रद्द केलं आणि त्यावरून अर्ज बाद झाला. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने समितीच्या आदेशाला स्थगिती दिली, पण रिंगणात परतायची मुभा नाही. सर्वोच्च न्यायालयातही मिळाली नाही. सप्टेंबरमध्ये खंडपीठाने समितीचा तो आदेशच रद्द ठरवला. तोवर १९ एप्रिलचं मतदान आणि ४ जूनचा निकाल होऊन गेला होता. डमी म्हणून ज्यांचा फॉर्म होता ते त्यांचे पती श्यामकुमार बर्वे ७६ हजारांहून अधिक मतांनी निवडून आले. पक्षाचं नुकसान झालं नाही म्हणून अनेकांनी हा विषय हसण्यावारी नेला. पण ज्या बाईला उभं राहायचं होतं ती उभी राहू शकली नाही, आणि ज्या आदेशावरून तिला थांबवलं तो पुढे टिकला नाही. यात कोणाचा हेतू काय होता, यावर नागपुरात आजही दोन तट आहेत. माझं म्हणणं हेतूबद्दल नाही. सगळ्यांचा हेतू शुद्ध होता असं धरलं तरी आपल्या कायद्यात त्या आदेशाची चूक मतदानाआधी दुरुस्त करायला जागाच नव्हती.

त्याच वर्षी सुरतेत डमीही वाचला नाही. काँग्रेस उमेदवार नीलेश कुंभाणी यांच्या सूचकांनी, सह्या आमच्या नाहीत असं लिहून दिलं. पर्यायी उमेदवाराचा अर्जही तशाच कारणाने गेला. उरलेल्यांनी माघार घेतली आणि २२ एप्रिलला भाजपचे मुकेश दलाल बिनविरोध निवडून आले. इथे सरकारने कोणाला मनाविरुद्ध अपात्र ठरवलं असं म्हणता येणार नाही, नियम पाळले गेले. पण सुरतेच्या मतदाराला नोटाचं बटणही मिळालं नाही. १९८९ च्या सोव्हिएत निवडणुकीत याहून जास्त सोय होती. लेनिनग्राडमध्ये पक्षाचा बडा नेता सोलोव्योव एकटाच उमेदवार होता. लोकांनी मतपत्रिकेवर त्याच्या नावावर काट मारली आणि एकट्याने लढून तो हरला. महाराष्ट्राच्या राज्य निवडणूक आयोगाने २०१८ मध्ये स्थानिक स्वराज्य संस्थांपुरतं नोटाला काल्पनिक उमेदवार मानलं. नोटाला सर्वाधिक मतं पडली तर फेरनिवडणूक. लोकसभेला तेवढंही नाही.

“पण खरी छाननी तर पक्षाच्या तिकीटवाटपातच होते” हे म्हणणंही खरं आहे. तरी ती छाननी शेवटची नाही, हा फार मोठा फरक आहे. सांगलीची जागा २०२४ मध्ये आघाडीत दुसऱ्या पक्षाला गेली, काँग्रेसचे विशाल पाटील अपक्ष उभे राहिले आणि लाखाच्या फरकाने निवडून आले. तिकीट नाकारणाऱ्या पक्षाला मतदार खोटं पाडू शकतो. गार्डियन कौन्सिलला खोटं पाडायचं तर कोरी चिठ्ठी टाकणं किंवा घरी बसणं एवढंच उरतं.

तेव्हा माझा निष्कर्ष असा. बाद करण्याचं कारण उमेदवाराला अर्ज भरण्याआधी वाचता येत असेल, ते त्याच्या विचारांशी नाही तर कागदाशी संबंधित असेल, ठरवणारा सत्ताधाऱ्याच्या खिशात नसेल आणि मतदानाआधी वरच्या दारात दाद मिळत असेल, तरच तपासलेल्या उमेदवारांची निवडणूक मुक्त म्हणावी. इराण आणि हाँगकाँग पहिल्या पायरीलाच अडकतात. रशिया तिसऱ्या पायरीला. आपण चौथ्या पायरीला लंगडतो. तिसरीवरही निर्धास्त राहू नये: निवडणूक आयुक्त निवडणाऱ्या समितीत २०२३ च्या कायद्याने पंतप्रधान, त्यांनी नेमलेला एक मंत्री आणि विरोधी पक्षनेता असे तिघं आहेत, म्हणजे दोन विरुद्ध एक.

चौथी पायरी दुरुस्त करणं अशक्य नाही, कारण ती आपल्याच गावात वेगळ्या निवडणुकीत अस्तित्वात आहे. नगरपरिषदेच्या उमेदवाराला अर्ज नामंजूर झाल्यावर जिल्हा न्यायालयात अपील करता येतं. डिसेंबर २०२५ मध्ये त्याने घोळही झाला. काही अपिलांचे निकाल उशिरा आले, माघारीला पुरेसे दिवस उरले नाहीत, म्हणून राज्य निवडणूक आयोगाने तिथलं २ डिसेंबरचं मतदान २० तारखेवर नेलं. मग नागपूर खंडपीठाने सगळीकडची मोजणी एकदमच २१ ला घ्यायला सांगितली. उमेदवार वैतागले, मतपेट्यांवर पहारा ठेवून कार्यकर्ते थकले. तरी १८ दिवस उशीर परवडला, पाच वर्षं चुकीच्या रिंगणातून आलेला प्रतिनिधी नको.

लोकसभेच्या वेळापत्रकात हे बसवायचं तर बघा. छाननीनंतर दोन दिवसांनी माघारीची मुदत संपते, आणि त्यानंतर किमान १४ दिवसांनी मतदान घेता येतं. रामटेकला प्रत्यक्षात ३० मार्च ते १९ एप्रिल असे वीस दिवस होते. छाननी आणि माघार यांच्यामध्ये पाच दिवस घालून फक्त नामंजुरीविरुद्धची अपिलं जिल्हा न्यायाधीशाने ऐकायची, निकाल अंतिम, पुढे वर जायचं ते याचिकेनेच. मंजुरीविरुद्ध अपील नाही, नाहीतर प्रत्येक जण प्रतिस्पर्ध्याला अडकवत बसेल. यात ताण येईल तो छपाईवर. माघारीनंतर नावांचा क्रम ठरतो, अपक्षांना चिन्हं मिळतात, मग बॅलेट युनिटवर लावायचे कागद आणि टपाली मतपत्रिका छापायला जातात. सैनिकांच्या मतपत्रिका ऑनलाइन जातात, पण भरून पोस्टाने परत यायला वेळ लागतो. त्यामुळे पाच दिवस मधे घातले तर मतदानाची तारीखही पाच दिवस पुढे न्यावी लागेल, आणि अनेक टप्प्यांच्या निवडणुकीत पहिल्या टप्प्याला ते सहज जमतं.